क्षमस्वची टिक

३ मार्च, सोमवार
डोंबिवलीला गेलेलो. वधूवर सूचक केंद्र. चालवणाऱ्या सुमनताई (यापुढे सु.ता.) आणि त्यांचे मिस्टर. वेबसाइट हवीय. कशी? ‘दुसऱ्यांसारखी नको.’ मग मोबाइलवर दुसऱ्यांच्याच तीन दाखवल्या. पान उघडलं की सनई, वरून गुलाबाच्या पाकळ्या. मिस्टर म्हणाले, ‘अक्षता पण.’ पंगत तेवढी राहिली.
निघताना : ‘जाधव म्हणजे आपल्यातलेच. गाव कुठलं?’ म्हटलं, फलटणकडे. गाव विचारणाऱ्याला गाव नको असतं, हे मला ठाण्यात वागळे इस्टेटला गाळा घ्यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. हसलो. बाईंना उत्तर मिळालं असं वाटलं. वाटू दे.

७ मार्च, शुक्रवार
मजकूर आला. वहीच्या पानांचे फोटो, आडवे, अर्ध्यावर अंगठा. ‘आमची सुखी जोडपी’साठी नेटवरची जोडपी घ्या म्हणे.
आमची मनाली : ‘पप्पा, इतक्या वर्षांत एकपण सुखी नाही?’
डिझाइन सगळं तिचं. माझ्याकडे गोड बोलायचं खातं.

१२ मार्च, बुधवार
होमपेज सकाळी फायनल. दुपारी मिस्टरांचे साडू म्हणाले, लाल कमी आहे. साडू बँकेत, म्हणून रंगातलं कळतं. काहीच न बदलता ‘वाढवला’ म्हणून परत पाठवलं. ‘आता कसं उठून दिसतंय!’
मग सु.ता.चा फोन. ‘सर्चमध्ये एक राहिलंच हो. एस.सी., एस.टी. क्षमस्व. टिक केली की ती स्थळं दिसायचीच नाहीत. आणि टिक आधीपासूनच असू दे, लोकांना त्रास नको.’
पेपरातल्या छोट्या जाहिरातींत ही ओळ लहानपणापासून वाचतोय. आमच्याच घरासाठी असते. नाक मुरडायचं, तेही हात जोडून.
‘बघतो’ म्हटलं. अर्ध्या डोंबिवलीत ओळख असलेली बाई, तिच्या शब्दावर पुढची कामं येणार.
फोन स्पीकरवर होता. मनालीनं सगळं ऐकलं. टिक बनवली. नेहमीपेक्षा लवकर.

१८ मार्च, मंगळवार
सु.ता. गाळ्यावर. मनालीवर खूश. ‘काय गुणी पोर! हिचं नाव टाका ना, पहिली नोंदणी. आपल्यातला एक मुलगा आहे माझ्या नजरेत.’
‘टाकते ना, काकू.’
हा गोड आवाज मला माहितीय. शाळेत असताना मारामारीच्या आधी यायचा.

२० मार्च, गुरुवार
टेस्टिंग. खरंच नाव टाकलंन. उंची, शिक्षण, फोटो. जात : बौद्ध.
‘अगं, उद्या डेमो आहे.’
‘म्हणूनच.’
‘पुढची कामं...’
‘मग काढा तुम्ही. पासवर्ड आहे तुमच्याकडे.’

२१ मार्च, शुक्रवार
सकाळी एकटाच बसलो. टिक असली की मनाली नाही. काढली की सगळ्यात वर, हसतेय. परत करून बघितलं. काम चोख आहे पोरीचं.
माउस डिलीटवर नेला. तसाच ठेवून बसलो.
सु.ता.चा फोन : ‘तीन हात नाक्याला आलो हो, जाधव! पेढे घेतलेत!’
मनाली खाली चहा सांगायला गेलीय. नाव अजून आहे. माउस बाईंच्याच हातात द्यावा म्हणतो. घ्या, टिक काढा, बघू आपल्यातलं कोण कोण दिसतंय...