तळाचा गाळ

काल्चेव्ह सर,

सकाळी तुमचा फोन आला. "रुम्याना, शोधनिबंधावर आपल्या दोघांची नावं टाकू. शेवटी माझीच विद्यार्थिनी ना तू!" बघते म्हणून मी फोन ठेवला. आता बघितलं. तुमचं नाव नाही टाकणार.

भर जुलैत बाबांचा मेंढीच्या कातड्याचा कोट घालून मी तुमच्या शीतखोलीत ते प्रथिन वेगळं करत होते. ते दरवेळी गोळा होऊन नळीच्या तळाशी बसायचं. "गाळ आहे तो, फेकून दे," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "सर, हळूहळू विरघळवलं तर त्याच्या साखळीची घडी पुन्हा नीट बसेल." तेव्हा सगळ्यांदेखत हसलात. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं. घरी जा, लोणची घाल!" आणि मला काढून टाकलंत.

इथे वार्ना शहरात, दोन टेबलांच्या प्रयोगशाळेत, त्याच गाळातलं प्रथिन पुन्हा उभं राहिलं आणि कामाला लागलं. आनंदाची बातमी ज्याची, त्यानं खाऊ द्यायचा. म्हणून आज मी सगळ्यांना चॉकलेटं वाटली.

हे पत्र काही मी टाकणार नाही. तुम्हाला लोणच्याची बरणी धाडतेय. कोबी, गाजर, फ्लॉवर, मीच घातलंय. सगळी चव तळाशी बसलीय. या वेळी फेकू नका.

कामात असलेली,
रुम्याना