पियानोची किल्ली

भावोजी,
नमस्कार शिल्लक नाही.

आपल्या ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळेतून तुम्हाला काढलं आणि जाताना तुम्ही पियानोला कुलूप लावून किल्ली नेलीत. तुमच्या जागी आता संगीत मी शिकवते. त्या बंद पियानोवर मी चहाचा कप ठेवते, पण टेबल म्हणून तो भलताच उंच आहे, ही माझी जाहीर तक्रार.

पहिल्याच तासाला पोरांनी विचारलं, "बाई, आता सूर कुठून आणायचा?"

"गळ्यातून, गधड्यांनो!"

पोरांनी गायलेली शनिवारची प्रार्थना ऐकून शाळेची कमिटी संगीताचा तास ठेवायचा की नाही ते ठरवणार होती. शनिवारी सिनेगॉगमध्ये वाद्य वाजत नाही. तुमची पोरं दरवर्षी तिथेच घसरायची. माझी पियानोविनाच शिकलेली. एकही डगमगलं नाही. तास वाचला.

सूर लावायच्या ज्या लोखंडी नादकाट्याने तुम्ही मुलांची बोटं फोडायचात, तो मीच लपवला होता. आता तुमच्यासमोर मुलांची बोटं नाहीत, म्हणून आज तुमच्या पत्रपेटीत टाकला. हे पत्र मात्र टाकत नाही; किल्लीबद्दल आभार मानल्यासारखं होईल.

तुमच्या भावाची बायको