निळ्या ठिपक्याचं ताट

बाई, तुमच्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा आता हे सांगायला हरकत नाही. परवा धाकट्याच्या घरी चारकोपला गेले होते. त्याच्या बायकोनं माळा आवरायला काढला होता आणि त्या पसाऱ्यात तुमचं ते ताट निघालं, पाठीवर निळा ठिपका असलेलं. रंग उडून नखाएवढा राहिलाय. ती म्हणाली, "ताई, हे मोडीत घालू ना?" मी ते तिच्या हातातून ओढूनच घेतलं. तेव्हापासून ते माझ्या ओट्यावर पालथं पडलंय.

मी तेव्हा अकरा वर्षांची, धाकटा सहा. त्याला रक्ताचा कॅन्सर आहे असं मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि उपचार मध्येच सोडले तर पोर हाती लागणार नाही, हेही. आई गावी, तान्ह्या बहिणीपाशी. बाबांनी कांजूरला हमाली धरली, राहायचेही तिथल्याच गोदामात. आमची सोय कुणीतरी तुमच्याकडे लावून दिली. मुलुंडचं तुमचं बैठं घर. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही ते उपचाराला आलेल्या गरिबांच्या पोरांसाठी उघडलेलं. पाच पोरं आणि प्रत्येकाबरोबर घरचं एक मोठं माणूस. आमच्यात ते मोठं माणूस मी. राहणं फुकट, जेवण फुकट, आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यायला जवळच्या कारखान्याची गाडी. तुम्ही धाकट्याचा फोटो काढून घेतलात तेव्हाच बाबांच्या कपाळाला आठी पडली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "फुकट कोन देतं गं? ध्यान ठिव. काय बी दिसलं की मला सांग." मी ध्यान ठेवलं. त्यात इतकी तयार झाले की आजवर कचेरीत लोकांचे अर्ज तपासण्यातच माझा जन्म गेलाय.

तुमच्या घरात संशय घ्यायला जागा कमी नव्हती. चपला बाहेर, हात साबणानं, मग पुन्हा औषधाच्या पाण्यानं, मग आत. कोशिंबीर नाही, काकडी नाही. पाहुण्यांना पोरांच्या खोलीत बंदी. तुम्ही येता-जाता हुकूम सोडायचात, "हात दाखव. नखं दाखव. पाणी कुठलं प्यायलीस?" कारण मात्र कधी सांगायचा नाहीत. जन्मभर वर्गात उभं राहून तुम्हाला कुणी 'का' विचारलं नसावं. आणि स्वयंपाकघरात काकू, मालवणकडच्या, नवऱ्याची गिरणी संपात बंद पडली म्हणून तुमच्याकडे कामाला लागलेल्या. मी ताटांच्या मांडणीकडे वळले की त्या खेकसायच्या, "हात लावू नको गो! कितीदा सांगू तुका?" बोली वेगळी होती, पण हे वाक्य मी गावात ऐकलेलं होतं. आवाजही तोच.

मग एकदा मी ती ताटं उलटून बघितली. पाच ताटं, पाठीवर ऑइलपेंटचे पाच ठिपके. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, आणि आमचा निळा. बाई, आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीवरचा झेंडा निळा, बाबांच्या गळ्यातला रुमाल निळा. नेमका निळाच आमच्या वाट्याला कसा आला? रविवारी बाबा आले तेव्हा मी त्यांना फाटकाबाहेर नेऊन हे सांगितलं. ते मग गावच्या हॉटेलातल्या कपाचं बोलले, बाहेर खिळ्याला टांगलेला, कान तुटलेला, आपणच विसळून परत टांगायचा. "हितं बी त्येच आसंल तर कशापायी ऱ्हायचं? फुडच्या रविवारी गाठोडं बांधून ठिव." धाकटा पायरीवर बसून आपल्या टकलावरून हात फिरवत होता. औषधं अर्धीसुद्धा झाली नव्हती. गाठोडं बांधायचं म्हणजे काय, ते मला पुरतं कळत होतं.

म्हणून मी एक परीक्षा घ्यायची ठरवली. आमचं उष्टं ताट दुसऱ्या कुणाला लागलं आणि त्याला काहीच झालं नाही, तर ठिपका खोटा. तसं बाबांना सांगायचं, म्हणजे जायला नको. अकरा वर्षांच्या पोरीचं डोकं ते. लाल ठिपक्याचं ताट देवगडकडच्या एका मुलीचं होतं. आठेक वर्षांची, तिच्या आईबरोबर राहायची, धाकट्याला सागरगोटे शिकवायची. तिच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. दुपारी काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या तेव्हा मी धाकट्याला तिच्या ताटात दूधभात कालवून भरवला. त्याला सर्दी झालेली, नाक गळत होतं. मग ताट फ्रॉकनं पुसून कोरडं केलं आणि काकूंनी उकळून ठेवलेल्या ताटांत परत ठेवून दिलं. संध्याकाळी ती जेवायला बसलीय. मी समोर बसून तिच्याकडे टक लावून बघतेय. तिला काही होत नाही. ती आणखी भात मागते. मला वाटतं, जिंकले मी!

तिसऱ्या दिवशी ती तापानं फणफणली. कारखान्याची गाडी ठरलेला वार नसताना आली आणि तिला घेऊन गेली. बाटणं खरं असतं असंच मला वाटलं, आणि ते आमच्याच अंगात आहे असंही. तुम्ही काकूंना सगळ्यांसमोर विचारलंत, "ताटं नीट उकळली होती का?" त्या म्हणाल्या, "देवाशपथ बाई, सगळी उकळली." तुमचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून काकू कामाला नव्हत्या. संशय घेण्यात तुम्हीही मागे नव्हतात, आणि तोही हाती सापडेल त्या गरिबावर. मी तिथेच उभी होते. गप्प.

रविवारी तुम्ही सगळ्या मोठ्या माणसांना ओसरीवर बसवलंत आणि पहिल्यांदाच कारण सांगितलंत. "औषधानं या पोरांच्या अंगातली ताकद जाते. तुमची साधी सर्दी यांच्या जिवावर बेतते. म्हणून एकाचं ताट दुसऱ्याला नाही, आणि म्हणून उकळायचं." बाबांच्या पायाशी आमचं गाठोडं होतं. त्यांनी सरळ विचारलं, "मंग आमालाच निळा का, बाई?" तुम्ही गोंधळलात. "निळा? अहो, खिडक्या रंगवून उरलेले डबे होते घरात." खिडक्या खरंच निळ्या होत्या. पण बाकीचे चार रंग कुठल्या खिडक्यांचे? तुमचा तो गोंधळ खरा होता की आणलेला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाबांनी तुमच्याकडे बघून घेतलं, मग धाकट्याकडे, आणि गाठोडं आत सरकवलं. "ऱ्हाऊ आपुन," म्हणाले.

ती मुलगी बरी होऊन गावी गेली, असं तुम्ही पोरांना सांगितलंत. पण बरं होऊन जाणाऱ्या पोराला त्याचं ताट बरोबर द्यायची तुमची रीत होती, आणि लाल ठिपक्याचं ताट मांडणीवरच राहिलं. दोन वर्षांनी धाकटा आपलं ताट काखेत मारून तुमच्या फाटकातून बाहेर पडला. आता त्याला दोन मुली आहेत, पोट सुटलंय. मध्ये एकदा एका डॉक्टरला मी आडून विचारलं. तो म्हणाला, तसा ताप कुठूनही येतो, कित्येकदा पोराच्या स्वतःच्या अंगातूनच. मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. काकू एकदा भांडुपच्या बाजारात दिसल्या, तर मी भाजी तिथेच टाकून दुसऱ्या गल्लीत शिरले.

हे कुणाला दाखवायचं नाहीये. धाकट्याला तर नाहीच. ताट घासून ठेवेन आणि हा कागद फाडून टाकेन. ताटाचं सांगून झालं, पण खरं लपवलंय ते वेगळंच. त्या रविवारी लाल ठिपक्याच्या त्या मुलीची आई सामान न्यायला आली होती. बाबा "ऱ्हाऊ आपुन" म्हणाले तेव्हा ती पिशवी काखेत धरून, दारात वाकून चपला घालत होती. मला ती दिसत होती. आणि मला आनंद झाला, बाई. इतका, की मी हसले.