हरणी घोडी आणि 'अश्वशांती' चूर्ण यांची वाटणी

मी, सोजरबाई कुंडलिक खरात, वय ७४, धंदा वरातीला घोडी देण्याचा, राहणार कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला मुलगा शिवराज दोनदा येऊन गेला, त्याला चहा पाजून वाटेला लावला.

१. पत्र्याचं घर व पुढची मोकळी जागा शिवराजला द्यावी. बँकेतली ठेव नात ऋतुजाच्या शिक्षणाला. तिनं जनावरांची डॉक्टर व्हावं; घरात वैदू लई झाले.

२. भित्र्या घोड्यांसाठीचं 'अश्वशांती' चूर्ण, त्याचा खलबत्ता, चाळण्या आणि पाकिटांचे गठ्ठेही शिवराजलाच द्यावेत. कृती: अश्वगंधा, ब्राह्मी, बडीशेप आणि गूळ. आजवर लपवलेलं आता लिहून देते. घोडी हे चूर्ण खाते ती गुळासाठी. शांत व्हायचं ते गिऱ्हाईक.

माझे यजमान वरातीआधी चार दिवस घोडी बँडच्या तालमीला न्यायचे. ढोलाशेजारी कडबा टाकायचे आणि तिच्या मानेवर हात ठेवून बसायचे. ढोल वाजला की खायला मिळतं, एवढं घोडीला कळलं की झालं. पण फुकटच्या शहाणपणाला कोण विचारतो? म्हणून मी पुड्या बांधल्या. शिवराजनं त्यावर सोनेरी कागद चढवला, 'गोल्ड' लिहिलं आणि पांढरा कोट घालून मोबाइलवर भाषणं ठोकली. कोट ऋतुजाच्या शाळेतल्या नाटकाचा होता.

३. वैरागच्या लग्नाला त्यानं हरणीला तालमीला नेलंच नाही. पाच पाकिटं चारली आणि थेट डीजेच्या भिंतीपुढं उभी केली. पहिल्याच दणक्याला ती उधळली. नवरदेव मुंडावळ्यांसकट वांग्याच्या भाजीच्या पातेल्याशेजारी सापडला. तो बचावला, हरणीचा पुढचा गुडघा कायमचा गेला. घरी येऊन आमचा दिवटा म्हणतो, "आई, डोस कमी पडला की!" मी कपाळाला हात लावला. येत्या लग्नसराईत डबल डोस देऊन तिला परत उभी करायचं त्यानं ठरवलंय.

४. म्हणून हरणी शिवराजला देऊ नये. नाल ठोकणारा करीम शेख यास द्यावी. तिला पुन्हा वरातीला नेऊ नये. तिच्या कडब्यासाठी माझ्या पाटल्या मोडाव्यात. वैरागहून आणल्यावर करीम आठ दिवस तिच्याजवळ बसून होता. मला म्हणाला, "मावशी, हिला औषध नको, माणूस पायजे."

५. आता माझा गुन्हा. यजमान घोडी घेऊन तालमीला निघाले की लहानगा शिवराज विचारायचा, बाबा कुटं चालले? मी सांगायची, हौसेला जातात, गुण चूर्णाचा. खरं बोलले असते तर बाहेर फुटलं असतं आणि धंदा बसला असता. आईनं पोटच्या पोरालाही गिऱ्हाईक केलं. याची मला लाज वाटते. हरणीचा गुडघा त्याच्याइतकाच माझ्या माथी आहे.

६. हे वाचल्यावर शिवराज आदळआपट करील, कोर्टात जातो म्हणेल. मग कोपऱ्यात जाऊन रडेल. तो पहिल्यापासून भित्रा आहे. त्याला चूर्ण देऊ नका. करीम, तू त्याच्याजवळ बस.

लिहिलेलं वाचून पाहिलं, एक शब्द मागे घेत नाही.

सही: सोजरबाई कुंडलिक खरात
(मला सही येते, अंगठा घेऊ नये.)

साक्षीदार:
१. डॉ. पंचाक्षरी हिरेमठ, जनावरांचे डॉक्टर
२. मल्लप्पा कोळी, बँडमास्तर

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ११ जून २०२४