सलग तिसाव्या तासाला

तीर्थरूप अण्णा,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे. वेळ मिळाला की मेसमध्ये पोटभर जेवते. फोनवर तुमचा आवाज ऐकला की रडू फुटतं, म्हणून पत्र लिहितेय. आईचा गुडघा कसाय? तेरहून धाराशिवला एसटीनं नेऊ नका, लई धक्के बसतात.

मंगळवारी, ड्युटीच्या सलग तिसाव्या तासाला, मी एका बाळंतिणीला दुसरीचंच इंजेक्शन द्यायला गेले. सिस्टरनं माझा हात धरला. "डॉक्टर, नाव वाचा!" बाईला काहीच कळलं न्हाय. उलट तिनं मला हात जोडले.

मी मोठ्या सरांना म्हटलं, "थोडं झोपू द्या, न्हायतर माझ्या हातून कुणीतरी मरंल." ते म्हणाले, "आम्हीही असंच शिकलो." हजेरीत मात्र बाराच तास लिहितात. त्यावर मी सही केली न्हाय. आता परीक्षेला बसू देणार न्हाईत म्हणे.

अण्णा, हे आईला वाचून दाखवू नका. पण तुम्ही या. मला घेऊन जा. रागवायचं ते घरी नेऊन रागवा.

तुमचीच,
प्रतीक्षा