बावन्न पाती

कोकंद, शनिवार

प्रिय तोलिबजान,

माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील आणि मग बहुतेक न फोडताच खिशात कोंबशील. सात वर्षांत एक ओळ नाही, आणि आता एवढं जाड पाकीट, तेही तुला सुतारकाम शिकवणाऱ्या या खडूस म्हाताऱ्या उस्ताचं! तरी वाच. गोष्ट आपल्या रंधा मशीनची आहे, आणि मशीनची गोष्ट तू कधी अर्धी सोडली नाहीस.

तू गेल्यापासून ते शेडच्या कोपऱ्यात जुन्या गालिच्याखाली पडून होतं. मी हातरंध्याने फळ्या साफ करायचो आणि लोकांना ऐकवायचो, की हाताच्या कामाची सर मशीनला नाही. साफ खोटं. त्याच्याजवळ जायची मला भीती वाटायची. पण यंदा उजवा खांदा पार गेला, आणि मोहल्ल्यातल्या मशिदीचे आठ दरवाजे मी कबूल करून बसलो होतो. शेवटी रईमजानला बोलावलं. आठवतोय ना, मोटारी दुरुस्त करणारा, मोटारीपेक्षा स्वतःच जास्त आवाज करणारा? त्याने मशीनभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "उस्ता, सांगाडा तुमच्या नातवंडांना पुरेल. पण मोटर आणि हा पात्यांचा रूळ भंगारात घाला. दोन्ही नवं बसवू."

नवी मोटर दिसायला लहान, पण जोर दांडगा. जुनी सुरू झाली की गल्लीतले दिवे मंद व्हायचे आणि बायका भिंतीवरून ओरडायच्या, "उस्ता, इस्त्री गार पडली!" आता दिवा लुकलुकतसुद्धा नाही. आणि रूळ तर तू पाहायलाच हवा. त्याला लांब सरळ पाती नाहीतच. नखाएवढी चौकोनी पाती आहेत, बावन्न, रुळाभोवती वेलासारखी चढत गेलेली, आणि प्रत्येकाला स्वतःचा स्क्रू. एक धार गेली की पातं फिरवायचं, चार धारा मिळतात. ते बावन्न स्क्रू मी स्वतः आवळले. मग पुन्हा आवळले. मग तिसऱ्यांदा. रईमजान म्हणाला, "उस्ता, पाती बसवताय की पोरीची पाठवणी करताय? हात सुटेना तुमचा!" मला हसू आलं नाही.

जुना रूळ काढला त्या दिवसाचं आधी लिहायला हवं होतं. मी टाळत होतो. रईमजानने तिसऱ्या खाचेतली पाचर ठोकून काढली, आणि तिच्यामागून पत्र्याची एक घडी खाली पडली. हिरवा, चहाच्या डब्याचा पत्रा, चारही कोपरे कातरीने गोल केलेले. तो खो खो हसला. म्हणाला, "कुठल्या गाढवाने पात्याखाली पत्रा घातला? पातं निसटेल नाही तर काय होईल! तोलिबचंच काम असणार, नाही का?" तोलिबजान, पत्र्याचे कोपरे गोल करायची सवय कोणाची, हे तुला सांगायला नको.  रईमजानला मी एवढंच म्हणालो, "चहा घे, निवतोय."

म्हणजे मी दुसऱ्यांदा खरं लपवलं. सात वर्षांपूर्वी एकदा, आणि त्या दिवशी.

त्या सकाळी तू काय म्हणाला होतास ते मला शब्दन् शब्द आठवतं. "उस्ता, घासून घासून ही पाती संपलीत. पाचरीला धरायला उरलंय काय? दोन दिवस थांबा, मी ताश्कंदहून नवी आणतो." लग्नाघरचा दरवाजा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, आणि वेळ चुकवणारा उस्ता अशी माझी कधी ख्याती नव्हती. मी म्हणालो, "तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी पाती बसवतोय." मीच पत्रा कापला, तो खाली घालून मीच झिजलेलं पातं वर उचलून बसवलं, बोल्टही मीच आवळले. त्याच महिन्यात मोटरवर मोठी पुली चढवली होती, रूळ जोरात फिरावा म्हणून. तीही माझीच अक्कल. तू फक्त पलीकडे उभा राहून फळी घेत होतास. पातं तुझ्या बाजूने बाहेर आलं.

इस्पितळाच्या ओसरीत लोकांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, पाती त्याने बसवली होती. ते एवढं सहज निघालं तोंडातून, की मलाच खरं वाटलं. नाही, हेही खोटं. मला एक दिवसही खरं वाटलं नाही. तू मात्र दोन बोटं गमावून खाटेवर पडला होतास, आणि उस्ताचा शब्द चारचौघांत खोडायचा नाही म्हणून गप्प राहिलास. मीच तुला ते शिकवलं होतं.

मी तुला आशीर्वाद देऊन उस्ता करायचं, त्या तुझ्या फातिहाचा दिवस ठरला होता. माझ्या बायकोने, सोलिहाने, अल्ला तिला शांती देवो, कमरपट्टा भरून ठेवला होता, कडेला डाळिंबाची फुलं. आणि मी मोहल्ल्यासमोर म्हणालो, "जो पातं घट्ट करत नाही, त्याच्या कमरेला मी पट्टा बांधणार नाही." उस्ताच्या फातिहाशिवाय कोकंदात कोण कोणाला दरवाजा करायला देतं? नऊ वर्षांचं शिकणं मी एका वाक्यात बुडवलं. तुझ्या आई म्हणतात, आता तू तिकडे रशियात, पेर्ममध्ये बेकरीच्या पेट्या उचलतोस आणि थंडीत तो हात ठणकतो. मला लाज वाटते, बाळा. म्हातारपणी लाज जास्त बोचते, कारण ती झटकून टाकायला काम उरत नाही.

मंगळवारी मशीन सुरू केलं. फळी रईमजानने सरकवली, आणि मी पलीकडे, तुझ्या जागी उभा राहिलो. मशीनचा आवाज एवढा कमी, की माझे दात वाजत होते ते मला ऐकू आलं. फळी आरशासारखी बाहेर आली. मी ती धरली आणि तसाच उभा राहिलो. रईमजान ओरडला, "उस्ता, सोडा आता, दुसरी येतेय!"

काल जुम्म्याच्या नमाजनंतर चहाखान्यात मी उठून उभा राहिलो, तो पत्रा मध्ये ठेवला आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, कोणी थुंकेल तरी. पण मोहल्ल्याचे वडीलधारे म्हणाले, "जाऊ द्या हो उस्ता, झालं गेलं," आणि पुलावची परात पुढे सरकली. रईमजान तेवढा मान खाली घालून बसला होता. मग मी तुझ्या घरी गेलो. तुझ्या आई, हुरनिसा आपा, अंगण झाडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, केरसुणी थांबली नाही. शेवटी म्हणाल्या, "आम्हाला काय सांगता? ज्याची बोटं गेली त्याला लिहा."

म्हणून हे लिहितोय. फातिहाच्या वेळी शागीर्द गुडघे टेकून तीनदा विचारतो, "उस्ता, माझ्यावर राजी आहात?" आणि उस्ताने तीनदा राजी म्हटलं की पट्टा बांधतात. पट्टा मी आज तुझ्या आईकडे दिला. तो तुझा होता, आहे. मशीनवर परत ये, असं म्हणायला माझं तोंड नाही. पण मी आज शेडमध्ये भुशावर गुडघे टेकून बसलोय आणि फळीवर कागद ठेवून विचारतोय: तोलिबजान, माझ्यावर राजी आहेस? तीनदा नको, एकदाच सांग. आणि नसशील, तर तेवढंच दोन शब्दांत लिही. मी ते चहाखान्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवीन.

तुझाच
सोबित
(या खेपेला नावापुढे उस्ता लिहीत नाही)