पुलाच्या जाडीची प्लेट

अगं,

घरात जळकट वास येतोय, पण घाबरू नकोस, काही पेटलेलं नाही. पिझ्झा भाजायला ओव्हनमध्ये ठेवायची ती पोलादी प्लेट शेवटी मी आमच्या वर्कशॉपमधूनच कापून आणली आणि मशीनचं तेल न पुसता तशीच तापवली. दिवसभर तिथल्या पोरांवर "आधी पुसा रे" म्हणून ओरडणारा मी! हस पोटभर.

तू पातळ घे म्हणाली होतीस, हलकी असते, पटकन तापते म्हणून. तुझं बरोबरच होतं. तरी मी मुद्दाम जाड घेतली. आमचा वेल्डर म्हणाला, "साहेब, पिझ्झा करताय की पूल बांधताय?" त्याला काय सांगू? पातळ प्लेट तापते पटकन आणि निवतेही पटकन. हॉस्पिटलच्या वॉर्डातून तू घरी येतेस तोवर मी निघालेलो असतो, आणि मी येतो तेव्हा तू चपला घालत असतेस. हल्ली आपण जिन्यातच काय ते भेटतो.

ओव्हन बंद केलाय. प्लेटवर जाळी ठेवून तिच्यावर पिझ्झा ठेवलाय. कांदा तुझ्या बाजूला नाही. माझी बाजू मी खाल्लेली नाही, एकट्याने खायचं नव्हतं. झाकून ठेव, आल्यावर खाईन.

प्लेट मात्र उचलू नकोस, जड आहे आणि पोळेल. नुसता हात जवळ धर. मी आत्ताच उठून गेलोय असं वाटेल.